आजेसासूबाईंचा केक

सासूबाईंनी खजुराच्या केकवर सुरी ठेवली आणि समोरच्या पाहुणीला बजावलं, "साधासुधा समजू नका हं. माझ्या आजेसासूबाईंची कृती आहे."

पाहुणी म्हणजे खुद्द टीव्हीवरच्या सुगरणबाई. एके काळी दुपारी त्यांचा कार्यक्रम लागला, की बायका हातातलं काम टाकून बसायच्या. आता त्या थकल्या होत्या आणि नुकत्याच खालच्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. त्यांना पहिला चहा आपल्याच घरी पाजायचा म्हणून सासूबाईंनी जिवाचं रान केलं होतं.

सून बशा मांडत होती. लग्न होऊन मुलं शाळेत जायला लागली, तरी केकच्या दिवशी तिला स्वयंपाकघरात मज्जाव असे. आत सासूबाई, दाराला कडी. एकदा तिनं धीर करून कृती विचारली होती. "घराण्याची चीज आहे ती. कुणाच्याही हाती द्यायची नसते," असं उत्तर मिळालं. त्या 'कुणाच्याही'वर ती मोरीत जाऊन रडली होती.

"तुमचा एक भाग चुकवला नाही मी," सासूबाई गहिवरल्या. "दूध उतू जायचं, पण मी हलायची नाही! अर्थात, आमच्याकडचं सगळं घरचंच हो. हा केक तर टीव्ही यायच्या आधीचा."

सुगरणबाईंनी घास घेतला. जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. सुनेनं धावत जाऊन पेला पुढे केला.

"मिरी!" सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "तीच तर आजेसासूबाईंची करामत."

सुगरणबाई दोन घोट प्यायल्या. "अहो, ही करामत माझी," त्या हसू आवरत म्हणाल्या. "दालचिनी म्हणायचं, तर कॅमेऱ्यापुढे तोंडून मिरी निघून गेलं. पुढच्याच भागात हात जोडून माफी मागितली होती. आजेसासूबाईंचा नेमका तो भाग बुडला वाटतं!"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते गदागदा हलत होतं. सासूबाईंचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, मग एकाएकी उजळला. त्यांनी सुनेला हाताला धरून पुढे ओढलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिची पाठ थोपटली.

"केक आमच्या सुनेनं केलाय हो!"