गिअरबॉक्सचा ताप

सून ट्रकखालून सरपटत बाहेर आली, तेव्हा सासरे खुर्ची टाकून मुद्दाम दुसरीकडे बघत बसले होते. तिने रेडिएटरची वरची नळी कापून तिथे पाण्याचा सेन्सर बसवला होता आणि गिअरबॉक्सच्या पोटाखालचा, तेल काढायचा बोल्ट काढून त्या जागी दुसरा. दोन्हींच्या वायरी वर आणून स्टिअरिंगशेजारी तापमानाचे दोन नवे मीटर लावले होते.

गाड्यांचं वायरिंग हे तिचं रोजचं काम. पण घरच्याच ट्रकला हात लावायला तिला दोन महिने मनधरणी करावी लागली होती. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा हा ट्रक सासरे एकटेच चालवायचे. काय किती तापलंय ते त्यांना वासावरून कळायचं, आणि मीटर लावणं म्हणजे आपल्या नाकाचा अपमान, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

“कंपनीने एक काटा दिलाय की,” ते पुन्हा एकदा म्हणाले.

तो काटा मधोमध ठाण मांडून बसतो आणि इंजिन शिजायला लागल्यावरच हलतो, हे तिने त्यांना दहादा सांगितलं होतं. गिअरबॉक्सचं तर तो काहीच सांगत नाही. या वेळी तिने तो वाद काढला नाही.

“सोमवारी तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे,” ती म्हणाली. “पुढचे तीन महिने ट्रक मी चालवणार. तुमचं नाक तुमच्याबरोबर दवाखान्यात जाईल, बाबा. मग मी काय करू?”

तेवढ्यात फोन वाजला. चढाच्या पायथ्याशी शाळेची बस बंद पडली होती. मुलं दुसऱ्या गाडीने गेली होती, रिकामी बस तेवढी वर आणायची होती.

बस मागे अडकवून ते चढाला लागले. सासरे चालवत होते. ती शेजारी बसली होती, मांडीवर मीटरच्या खोक्याचा पुठ्ठा आणि हातात पेन्सिल घेऊन. पहिलं वळण घेतल्यावर सासऱ्यांनी हात पुसायचं फडकं उचललं आणि दोन्ही मीटरांवर टाकलं. मी सांगतो ते लिही आणि मग फडकं उचलून बघ, असा हुकूम सुटला.

थोड्या वेळाने ते म्हणाले, तेल जागं झालं. तिने फडक्याचं टोक उचललं. गिअरबॉक्सचं तेल ऐंशीवर होतं. तिने पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘जागं, ऐंशी.’ पुढच्या वळणावर ते म्हणाले, तेल पातळ झालं. शंभर. मग बराच वेळ ते कानोसा घेत राहिले. एक हात गिअरच्या दांड्यावर सैल ठेवलेला, मान किंचित तिरकी, जणू शेजारच्या खोलीत कुणी कुजबुजत असावं. दांडा हातात हलका लागायला लागला, असं त्यांनी सांगितलं तेव्हा काटा एकशे बारावर होता. दर वेळी तिला वाटायचं, आता चुकतील. दर वेळी काटा त्यांच्या शब्दामागून मुकाट्याने येत होता.

आणि मग त्यांनी अचानक ट्रक कडेला घेतला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. तिने उडी मारून चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले, परत वर चढून फडकं काढलं. एकशे सतरा.

“बाबा, कंपनीच्या कागदावर एकशे तीसपर्यंत चालतं असं लिहिलंय. अजून तेरा अंश शिल्लक होते.”

“असतील. पण या वळणापुढे माथ्यापर्यंत थांबायला जागा नाही.”

ती पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मीटर तिने स्वतः निवडून आणले होते, उकळत्या पाण्यात सेन्सर बुडवून तपासले होते. काटे बिनचूक होते. पण पुढे रस्ता अरुंद होतो, हे काट्यांना कोण सांगणार होतं?

बोल्ट पक्के आवळले की त्यांवर खूण करायला ती खिशात लाल नेलपॉलिशची बाटली ठेवायची. ती तिने काढली आणि मीटरच्या काचेवर एक बारीक रेघ ओढली. एकशे तीसवर नाही, एकशे सतरावर. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

इंजिन चालू ठेवून ते तेल निवायची वाट बघत बसले. काटा हळूहळू खाली येत होता. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदाच मीटर नीट न्याहाळले. मग दुखरा गुडघा सांभाळत ते वाकले आणि डॅशबोर्डखाली हात घालून वायरीवरून बोट फिरवत गेले. वायर वीत-वीतभर अंतरावर बांधलेली होती. पत्र्यातून जात होती तिथे रबर होतं. कुठेही ताण नाही, कुठेही घासत नाही. बोट शेवटपर्यंत गेलं आणि तसंच परत आलं.

तेल नव्वदवर आलं तेव्हा तिने ठोकळे काढायला दार उघडलं.

“ऐक,” सासरे म्हणाले. “मागच्या चाकांच्या मधला तो डिफरन्शिअलचा गोळा आहे ना. त्याला पण असा एक बसवता येईल?”

“येईल की. पण तो का?”

त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर रस्त्याकडे बघत, आवाज जरा खाली आणत ते म्हणाले,

“तिथलं मला कधीच कळलं नाही.”