कापसाचा बोळा

तीस वर्षं लोकांच्या जबड्यांत डोकावलेल्या दातांच्या डॉक्टरांनी, लेकीनं लग्नासाठी पसंत केलेल्या मुलालाही थेट दवाखान्यातल्या खुर्चीत बसवलं.

"मला घाबरलास?"

"छे हो, काका!"

डॉक्टरांनी त्याच्या जिभेखाली कापसाचा बोळा ठेवला. दोन मिनिटांनी काढला, तर कोरडा ठणठणीत!

"लाळेत नव्याण्णव टक्के पाणी आणि उरलेले दातांचे पहारेकरी. माणूस घाबरला की अख्खी फौज पसार! पहिल्याच दिवशी थाप? अशा थापाड्याला माझी मुलगी?"

"बाबा, आ करा बघू," म्हणत लेकीनं दुसरा बोळा त्यांच्याच जिभेखाली सारला.

घड्याळाकडे बघत तिनं दोन मिनिटं मोजली. बोळा निघाला, तो पहिल्याहून कोरडा.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "दोन गल्ल्या पलीकडंच तर राहणार आहे मी."