हात ओढणारी पेन्सिल

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन होतं. पूजेला तरी दगडी पाटीच हवी, असा हेडबाईंचा हट्ट. म्हणून पहिलीच्या वर्गात कपाटातल्या जुन्या पाट्या आणि साध्या पेन्सिली वाटल्या गेल्या. एकाचे आकडे जोडून पाटीवर सरस्वती काढायची होती.

मृण्मयीने पेन्सिल टेकवली आणि ती तशीच बसून राहिली.

"काय झालं गं?" वर्गाच्या केतकीबाईंनी विचारलं.

"बाई, ही बंद आहे. हात ओढतच नाही."

"रोजची पेन्सिल हात वळवून देते. ही नाही देत. हिला आपणच न्यायचं."

"कुठे?"

सगळा वर्ग पेन्सिली टेकवून थांबला होता. केतकीबाई तिच्याशेजारी खाली बसल्या. "बघ, असं," म्हणत त्यांनी पेन्सिल हातात घेतली. आकडा डोळ्यांपुढे स्वच्छ दिसत होता, पण हात ओढला जायची वाट पाहत राहिला. लहानपणी त्याही ओढणाऱ्या पेन्सिलीवरच शिकल्या होत्या, आणि पुढे सगळं लिहिणं बोलूनच झालं होतं.

मृण्मयीने वाकून पेन्सिलीच्या टोकाकडे पाहिलं. "तुमचीपण बंद आहे," ती म्हणाली.

"हो गं. चल, दोघी मिळून ओढू."

मृण्मयीने त्यांचं मनगट धरलं. पाटीवर एक वाकडातिकडा, शेपूट भलतीकडे गेलेला आकडा उमटला. बाईंनी ओशाळून फडकं उचललं.

मृण्मयीने पाटी पोटाशी धरली.

"पुसू नका ना बाई. पुन्हा असाच नाही आला तर?"