मैत्रिणीची आई

सौंसरच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. निरोपाची भाषणं लोक अजून माझ्याकडूनच लिहून नेतात. म्हणून दुपारी सून दामिनीनं विचारलं, तेव्हा नवल वाटलं नाही.

"आई, मैत्रिणीच्या आईले कॅन्सर निघाला. तिच्याशी काय बोलू, सुचूनच नाही राहिलं."

पोटदुखीनं पडून होते, तरी नीट समजावलं. "'काही होत नाही' असं खोटं बोलू नको. नजर चोरू नको. पहिले तिचा हात धर, मग बोल."

संध्याकाळी मुलगा शुभम नागपूरहून माझे रिपोर्ट घेऊन आला आणि माझ्याकडे न पाहताच आत निघून गेला.



दामिनी माझ्या खाटेवर येऊन बसली आणि तिनं पहिले माझा हात धरला. मी सोडवून पाहिला, सुटेना.