न पाहिलेल्या माणसाचा अंदाज

स्वयंपाकघरात टोस्टर खटकन वाजला. "अगं बोल ना, ब्रॉनविन," फोनवरून इन्स्पेक्टर डगी म्हणाला. "उचलू का पोराला? आणखी एक घर पेटलं, तर अख्खं लिव्हरपूल शहर मला फाडून खाईल." आगी लावणारा माणूस तरुण, एकटा, जवळपासच राहणारा असेल, हा अंदाज पोलिसांना गुन्हेगाराचं वर्णन बांधून देणाऱ्या ब्रॉनविनचाच. मागच्या एका प्रकरणात तिचा असा अंदाज खराही ठरला होता. आता तसा पोरगा मिळाला होता, पण त्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता. तिच्या शब्दावर तो कोठडीत जाणार होता. "आई, न बघताच तुला माणूस कसा कळतो?" टोस्टला लोणी फासत छोट्या टिलीने विचारलं. "आधी पकडलेल्यांची माहिती आहे ना, राणी. नवा बहुधा त्यांच्यासारखाच निघतो." "हो समजू?" डगीने घाई केली. ती 'हो' म्हणणार, तोच टिली बोट चाटत म्हणाली, "आणि जे सापडलेच नाहीत, ते कसे असतात गं?"