बूट काढ!

मातीवरच्या अंतिम कुस्तीआधी आयोजकांनी पॉप गाणारी पोरगी थेट आखाड्यात उतरवली, तशी गॅलरी पेटली. मी सगळ्यांत पुढं. "बूट काढ, ए! आखाडा हाय ह्यो!" हळद, ताक, तेल घालून ही माती मी महिनाभर मळली होती.

गाणं थांबवून तिनं बूट काढले, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि अनवाणी गायली. शिव्या देणारेच नाचायला लागले.

गाणं संपताच तेच सगळे तिच्यासोबत फोटो काढायला बुटांसकट मातीत घुसले.

"मुडद्यांनो, ही माती आई हाय माझी!" मी ओरडत आत धावलो. दोघांच्या कानाखाली वाजवल्या आणि त्या पोरीपर्यंत पोचलो.

ती नुसती माझ्या पायांकडं बघत राहिली.

पायताणं पायातच होती.