राखेची पेटी

झाकण बसेना. एका बाजूची कड घासावी लागणार होती. क्लीटने यंत्र काढलं, पण आधी तोंडाला जाड मास्क बांधला.

होबार्टला पुरायला अजून दोन तास होते. त्या दफनभूमीत शवपेटी नुसती मातीत ठेवू देत नाहीत, तिच्याबाहेर काँक्रीटची पेटी लागते. ती कारखान्याने तिथल्याच क्लीटबरोबर पाठवली होती, फुकट. वीजकेंद्राची राख सिमेंटात कालवून हलके ठोकळे आणि अशा पेट्या करायच्या, हा ओहायो नदीकाठचा त्यांचा धंदा. होबार्टने तिथे एकवीस वर्षं राखेची पोती फोडली. कामगार मेला की त्याला पेटी द्यायची, अशी तिथली रीत होती. मालकांचं मन मोठं, दुसरं काय!

होबार्टची बायको वर्लीन मुद्दाम लवकर आली होती. घरी सांत्वनाला बायका जमल्या होत्या आणि तिला नवऱ्यासाठी रडू येत नव्हतं. फुप्फुसं सिगारेटने गेली, असं कारखान्याच्या डॉक्टरने सांगितलं, तेव्हा तिने होबार्टला विचारलं होतं. तो खाली बघून म्हणाला, "ओढायचो. चोरून." लग्नाआधी तिच्यासमोर शपथ घेऊन त्याने सिगारेट सोडली होती. तिने त्या दिवशी अंथरूण वेगळं केलं. दोन वर्षं ते वेगळंच राहिलं.

"मुसकं कशाला बांधलंस रे?" तिने विचारलं.

क्लीटने झाकणावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. घासताना धूळ नाकात जाऊ देऊ नका, फुप्फुसं निकामी होतात, असं ठळक छापलं होतं.

"माल बाहेर जाताना लावतात, वहिनी. गिऱ्हाइकाने दावा ठोकू नये म्हणून. आत आम्हाला कोण मास्क देतंय?"

"होबार्टला हे ठाऊक होतं?"

"दम लागायला लागल्यावर त्याला चिठ्ठ्या चिकटवायलाच बसवलं होतं."

तिचा आवाज चढला. "मग सिगारेट ओढली म्हणून का सांगितलं मला?"

क्लीटने मास्क खाली ओढला.

"साहेबांनी कागद पुढे केला होता. आजार सिगारेटचा आहे म्हणून सही कर, नाहीतर घरी बस. दोन दिवस अडून बसला गडी. घरी खरं सांगितलं तर तुम्ही सही करू देणार नाही, म्हणायचा."

"नसतीच करू दिली. गेली असती नोकरी तर गेली असती."

"नोकरीबरोबर औषधपाण्याचा विमाही गेला असता, वहिनी. तुमचं इन्सुलिन त्यावरच यायचं ना?"